गुळातलं माप

राधाकृष्ण: तोडून तोंडात टाकू नका मिस्त्री, माप हाय ते.

जस्टिन: तात्या, मी चरकाच्या चाकाचं माप मागितलं होतं. तुम्ही गुळाची ढेप आणलीत.

राधाकृष्ण: पालथी करून बघा की.

जस्टिन: अरे, दात उमटलेत. कुणाची ही अक्कल?

राधाकृष्ण: आमच्या रतनबाईची. तुमी म्हनालात, तुटक्या चाकाचे दात पार झिजलेत, जोडीचं मोठं चाक आना. ते तर दांड्यावर गंजून बसलंय, निघंना. मातीत ठसा घेतला, तो वाळून तडकला. मंग हिनं गूळ वितळवला, दातांना तेल फासलं आन पाटीत घट्ट होत आलेला गूळ चाकाला दाबून धरला.

जस्टिन: उद्या माझा माणूस आला असता मापाला.

राधाकृष्ण: उद्यापातुर कसं थांबू? तोडलेला ऊस गुऱ्हाळावर पडलाय, उन्हानं रस आटतोय. आज गाळला न्हाई तर त्याचा गूळच बसायचा न्हाई. वर्साचं पीक जनावरांपुढं टाकायचं का?

जस्टिन: बसा. आधी पंखा ढेपेकडं वळवा, पत्र्याच्या धगीनं कडा मऊ पडायला लागल्यात.

राधाकृष्ण: ऊस श्रीगोंद्याचा, जाळ आमचा, गुळव्या आमचा. आन बोटभर दातांसाठी नगर गाठायचं.

जस्टिन: गूळ कुठं विकता?

राधाकृष्ण: हितंच, नगरच्या आडतीवर.

जस्टिन: तिथून तो गुजरातला जातो. माझं पोलाद पुण्याहून येतं. तुमचा माल बाहेर जायचा अन् बाहेरचा तुमच्याकडं यायचा, तर नगर मधे लागणारच. मीपण वाटेवरच बसलोय.

राधाकृष्ण: वाटेवर बसलाय तर हात चालवा. माझी येष्टी जाईल.

(संध्याकाळी, फोनवर.)

जस्टिन: वहिनी, नगरहून जस्टिन मिस्त्री. चाक बसलं का?

रतनबाई: बसलं भाऊ. आधी जरा घासत हुतं. मंग ग्रीस लावलं आन लागलं फिरायला.

जस्टिन: रस?

रतनबाई: काहिलीत पडतोय. मालक ऊस घालत्यात, त्यांना बोलायला सवड न्हाई.

जस्टिन: घालू द्या. दुपारपासून फोनकडंच बघतोय मी. गुळावरनं चाक कापलं, अडलं असतं तर सांगणार कुणाला?

रतनबाई: थांबा, फोन चरकाजवळ नेते. येतोय का आवाज?

जस्टिन: येतोय. कुठं अडत नाही.

रतनबाई: मंग ठिवू नका लगेच. ऐका अजून जरा.