आत्याचा आग्रह

"जावई लय हुशार म्हनं, पण चार माणसांत कसं बसावं एवढंबी कळंना त्याला." पाथरीला, माझ्या माहेरी, आत्या स्वयंपाकघरात आईला सांगायली होती. मी दाराबाहेरच उभी होते.

झालं होतं असं. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच माहेरी जेवायला गेलो होतो. आमचे हे परभणीला कॉलेजात गणित शिकवतात. आत्या पुरणपोळी वाढायला आली, तर हे म्हणाले, "नको." तिनं वाढलीच. हे पुन्हा "नको" म्हणाले, तिनं दुसरी वाढली, वर तूप सोडलं. तेव्हा ह्यांनी अगदी काळजीनं विचारलं, "आत्या, तुम्हाला कमी ऐकू येतं का? परभणीत कानाचे चांगले डॉक्टर आहेत."

पंगतीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांत आधी मान खाली घातली ती मी.

आता मात्र मी आत गेले.

"आत्या, त्यांना अ‍ॅस्पर्जर आहे, स्वमग्नतेचा एक प्रकार. नको म्हटल्यावरही वाढायचं असतं, हे त्यांना आपोआप कळत नाही. मला बघायला आले तेव्हाच त्यांनी सगळं सांगितलं होतं. तुमच्यापासून लपवलं ते मी."