खिडकीचं रबर

रबर बदलतोयस ना खिडकीचं, मग ऐक. माजिवड्याला आमच्याकडेही डबल काचेचीच खिडकी. कडेचं रबर सुकलेलं, त्यामुळे हायवेचा सगळा आवाज घरात. बाबांनी वैतागून माणूस बोलावला, रबर बदलून घेतलं. मग स्वतः खाली जाऊन आईला हाका मारल्या आणि वर येऊन विचारलं, "ऐकू आलं?"

"काहीच नाही."

बाबा खूश.

त्याच आठवड्यात फिरून येताना खिडकीखालीच त्यांच्या छातीत कळ आली. तिथेच गेले. वॉचमन सांगतो, वर बघून आईला हाका मारत होते.

परवा तो खिडकीवाला सर्व्हिसिंगला आलेला. म्हणाला, "काकू, उघडीच ठेवता? नीट लागत नाही का?"

आई म्हणाली, "लागते रे. फार नीट लागते."