हुबेहूब

औषधांच्या दुकानापुढे रांगेत शिंपीकाकांचा मुलगा उभा होता. सर्दीमुळे तोंडावर मास्क होता, म्हणून पुढच्या दोघींनी त्याला ओळखलं नाही.

"काल हसून हसून पोट दुखलं बाई! शिंपीकाकांचा मुलगा एकटा माइक घेऊन तासभर बोलत होता."

"एवढं काय बोलला?"

"बापाची नक्कल! दारात गिऱ्हाईक उभं, आणि हे आपले अडखळतायत, 'बा... बा... बाही केवढी?' गिऱ्हाईक म्हणतं, 'काका, तोवर फॅशन बदलली!'"

"घरच्या माणसाची अशी?"

"मोठ्या शहरात असे कार्यक्रम करणारे सगळे असंच करतात म्हणे."

"तिथं कुणाचा बाप कुणाला ठाऊक असतो! इथं निम्म्या गावाचे कपडे ते शिवतात."

"तेच ना. आज सकाळी मी ड्रेस शिवायला टाकला, तर बोललेच नाहीत गं. दंडावर टेप धरली आणि नुसत्या भुवया उंचावल्या. एवढी? मी मान हलवली. गळ्याचंही बोटानंच विचारलं."

"कानावर गेलं असणार."

"आणि मला मेलीला नेमकं तेव्हाच हसू फुटलं."

"त्यांच्यासमोर?"

"आवरलंच नाही. मग तेही हसले बिचारे. म्हणाले, 'छा... छान करतो ना पोरगा?'"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, हुबेहूब."

दोघी औषधं घेऊन निघून गेल्या. काउंटर मोकळा झाला.

"अहो, सरका की पुढे," मागून कुणीतरी म्हणालं.

तो जागचा हलला नाही.