यशराज काय म्हणतोय?

हॅलो?… व्हय दादा, स्वप्नालीच. आईचा फोन माझ्याकडंच हाय… न्हाय, झोपली न्हाय. थंडी वाजून परत ताप भरलाय. एकशे तीन… थांब, जिन्यात येते, हितं कायबी ऐकू येईना.

हां, बोल… व्हय, बघितलं. सकाळपासनं अकरा पानं पाठवलीस की! पुण्यात बसून… अरे वाचलं रे! बी.एस्सी. झालीया मी, नुसती गडमुडशिंगीत म्हशी न्हाय राखत.

ऐक… ऐक ना! कळतंय मला तुझं. पोटाला चार भोकं पाडायची, दुर्बिणीनं पित्ताच्या नळीतला खडाबी काढायचा, पित्ताशयबी काढायचं. एका भुलीत सगळं मिटलं. बरोबर? आन् हितलं डॉक्टर म्हणत्यात, आधी तोंडातनं दुर्बीण घालून नळीतला खडा काढू, पित्त वाहतं करू, पित्ताशयाचं मागनं बघू… व्हय, दोनदा भूल, दोनदा उपाशी ऱ्हायचं. मीबी हेच विचारलं त्यास्नी.

नळीत पू झालाय दादा. पू! मोरी तुंबल्यावर तू आधी बोळा काढतोस का नवी फरशी घालतोस?

कोण सर?… पुण्यातलं डॉक्टर? त्यांनी आईच्या पोटाला हात लावलाय का? रिपोर्ट मंगळवारचं हाईत. आज शुक्रवार!… पुण्याला? ह्या तापात, चार-पाच तास गचकं खात? आन् तिथं पोट फाडूनच काढायची पाळी आली तर? चिमणाआत्तीसारखी पोटातनं नळी काढून, पिशवी लावून महिनाभर फिरवायची तिला? त्येबी लिहिलंय का तुझ्या पानांत?

काय?… परत म्हण… व्हय. घालवलं. आठ दिवस मीच घालवलं. मीच न्हेलतं तिला पिराजीकडं, कावीळ उतरवायला. त्यानं हाताला कसला पाला चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुतलं, पाणी पिवळंधम्मक! आन् मी येडी, उतरली उतरली म्हणून नारळ फोडला. त्यो पाला चोळून तुझं हात धुतलं असतं तरी पाणी पिवळंच झालं असतं… माहीत हाय मला! तिचं डोळं बघितलं की रोज कळतंय. आठ माझं. पण मंगळवारपासनं तीन तुझं, त्येबी मोज की.

मी कशी करू सही? ती शुद्धीत हाय, तिनंच करायची म्हणत्यात. आन् ती पेन हातात घेईना. यशराज काय म्हणतोय, यशराज काय म्हणतोय, दुसरं तोंडात न्हाय. ओकारी मी धरायची, पाय मी चेपायचं, पण माझं व्हय तिला चालत न्हाय. लग्न करून दिली की पावणी झाले मी.

एकदा व्हय म्हण. एवढंच… 'बघू' न्हवं रे!… अजून एका सरांना? सहा वाजता? अरे देवा… दादा, आत्ता दुपारचा एक वाजलाय…

आले, आले सिस्टर!… किती?… ऐंशी?… दादा, बीपी उतरलंय तिचं. फोन ठेवू नगोस. गप ऱ्हा, नुसता धरून ठेव.

आई… ए आई, इकडं बघ. दादाचाच फोन हाय. हे बघ, नाव दिसतंय न्हवं?… व्हय, बोलला. व्हय म्हणाला. तोंडातनंच करा, आत्ताच्या आत्ता करा म्हणाला… अगं खरंच… तुझी शपथ, आई. तुझ्या गळ्याची शपथ… हं, धर पेन. हितं… आणि हितं.

…

दादा? हाईस का?… ऐकलंस न्हवं सगळं?

न्हेली आत… केली की सही. हसलीबी जरा. म्हणती, बघ, यशराजला कसं बरोबर कळतं.

ठेवते.