मैदानानंतरचं गणित

महाड डेपोत पोलादपूरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या शर्मिलाबाईंच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं आलं.

“काय गो मंजुळा, नात खेळाच्या शाळेत रमली?”

“रमली. पहाटे पाचला धावायचं, दुपारी गणित.”

“मग झोप नाय येत?”

“येते की. पण आधी गणिताच्या बाई पेंगतात, मगच पोरी.”

“बाई पेंगतात?”

“त्या तरी काय करतील? पहाटे त्यांनापण शिट्टी देऊन मैदानात उभं करतात.”

“आणि गणित?”

“ते एकटंच जागं असतं, फळ्यावर.”

मान वळली तर ओळख पटायची. शर्मिलाबाईंनी घट्ट डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

गाडी लागली. पिशव्या घेऊन पुढे आलेली मंजुळा त्यांच्यासमोरच थबकली.

“आनंदी, ह्याच गो त्या बाई. बघ, मी खोटं सांगत होते काय?”