हायवेवरचा लेमार

मिस व्हर्ना : कॉलेज सोडायच्या या कागदावर सही कर आणि मोकळा हो, लेमार. शनिवारच्या आत केलीस तर सगळं नीट पार पडेल.

लेमार : मोकळा होऊन जाऊ कुठे, मिस व्हर्ना?

मिस व्हर्ना : कॉर्डेल कॉलेजात. ते तुला घ्यायला तयार आहेत. अरे, गुडघा गेला, तुझा फूटबॉल संपला. आता इथे हॅलोवे कॉलेजात राहून काय करणार?

लेमार : शिकणार. कॉलेजात तेच करतात असं ऐकलंय.

मिस व्हर्ना : चेष्टा पुरे. रसायनशास्त्रात तू एकदा आपटलायस.

लेमार : वर्ग नेमका सरावाच्या वेळी. कोच सोडायचे नाहीत. पुस्तक उघडलं की मला पानापानावर घाम फुटायचा.

मिस व्हर्ना : माहितीय मला, संघातल्या पोरांचा अभ्यास मीच बघते. पण मे महिन्यात पुन्हा नापास झालास तर पदवी नाही, आणि आमच्या संघाचा एक मुलगा पदवीविना राहिला असं धरतात. आत्ता, बाकी विषय पास असताना गेलास, तर तुला मोजणीतूनच वगळतात. ना इकडे, ना तिकडे.

लेमार : म्हणजे मी इथे नव्हतोच.

मिस व्हर्ना : असं काय बोलतोस रे! किती पोरं पदवी घेतात त्या हिशेबात ब्रँटली कॉलेज आपल्या मागे फक्त एका टक्क्यावर आहे. त्यांनीही यंदा पोरं अशीच दुसरीकडे धाडली. तेव्हापासून कोचचं डोकं ठिकाणावर नाही.

लेमार : मैदानात दरवर्षी त्यांच्याकडून मार खायचा, आणि पदव्यांत मात्र त्यांना हरवायचं. आणि तो हायवेवरचा फलक? त्याच्यावर मीच आहे ना? अंगात पदवीचा काळा झगा, काखेत फूटबॉलचं हेल्मेट. खाली लिहिलंय, 'आमची पोरं पदवी घेऊनच जातात.'

मिस व्हर्ना : तो फोटो ऑगस्टमधला आहे. शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांचेच काढतो आपण तसे.

लेमार : एकच झगा, सगळ्यांना. माझ्या खांद्यांवर चढेना, म्हणून मागून उघडा टाकून तुम्हीच चिमटे लावलेत. 'हास रे लेमार प्रुइट, पदवी मिळाल्यासारखा हास!'

मिस व्हर्ना : हसला होतास की छान.

लेमार : मम्मा दर रविवारी चर्चहून येताना तिथे गाडी हळू करते आणि हॉर्न वाजवते. मागचे लोक शिव्या घालतात.

मिस व्हर्ना : तिच्यासाठीच म्हणते मी. सही केलीस तर शनिवारी सामन्याआधी तुम्ही दोघं हातात हात घालून मैदानात चालाल, बाकी पोरं आणि त्यांच्या आयांसारखे. नाव पुकारतील, तिला फुलं देतील. नाही केलीस, तर तुम्हाला आत सोडणार नाहीत. हा कोचचा निरोप आहे, माझा नव्हे.

लेमार : तिने त्या दिवसासाठी टोपी घेतलीय. पिवळी, केवढी तरी मोठी. चर्चची अख्खी बस येतेय… द्या ते पेन.

(मिस व्हर्नांच्या ऑफिसचं दार ढकलून लेमारची आई अर्लीन आत येते. हातात केकचा डबा.)

अर्लीन : इथे आहेस होय! वसतिगृहात शोधून शोधून पाय मोडले माझे. मिस व्हर्ना, लिंबाचा केक आणलाय, तोंड गोड करा. माझ्या पोरासाठी एवढं करताय तुम्ही.

लेमार : मम्मा, तू उद्या येणार होतीस.

अर्लीन : घरी चैन पडेना. तुझं तोंड का असं? आणि पेन कशाला हातात?

मिस व्हर्ना : काही नाही, एक सही हवी होती…

लेमार : मी इथून जातोय, मम्मा. दुसऱ्या कॉलेजात.

अर्लीन : का? काय केलंस? हाकललं तुला?

लेमार : हाकललं असतं तर बरं होतं. गुपचूप जा म्हणतायत. मी नापास झालो तर ब्रँटली पुढे जाईल.

अर्लीन : मग पदवी तिथे मिळेल ना? ते गुडघ्यांवर इलाज करणाऱ्यांचं शिक्षण?

मिस व्हर्ना : ते शिक्षण तिथे नाही. आणि त्याचे निम्मे विषय ते धरणार नाहीत.

अर्लीन : आणि तू सही करायला निघालास? एवढा घोडा झालास, कुणाला घाबरलास?

लेमार : तुझ्या टोपीसाठी करत होतो. नाहीतर शनिवारी आपल्याला मैदानात चालू देणार नाहीत.

अर्लीन : टोपीसाठी! अरे मेल्या… खोटं कशाला बोलू, मला चालायचं होतं. लाउडस्पीकरवर तुझं नाव ऐकायचं होतं. तुझी मावशी शिकागोहून निघालीसुद्धा. काय सांगू आता तिला? थांब, रडू दे मला जरा… मिस व्हर्ना, याने सही नाही केली तर मेपर्यंत राहता येतं याला? शिष्यवृत्ती?

मिस व्हर्ना : ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण अर्लीन, तो पुन्हा नापास झाला तर हातात काहीच उरणार नाही. मला खोटी आशा दाखवायची नाहीये.

अर्लीन : ती तुम्ही केव्हाच दाखवलीत. हायवेवर टांगलीय.

मिस व्हर्ना : माझी नोकरीसुद्धा त्या एका टक्क्यावर आहे हो.

अर्लीन : असेल. वाईट वाटतं मला, खरंच. पण माझा मुलगा हा एकच आहे. इथे ते रसायन कुणाला येतं?

लेमार : मिस व्हर्नांना. इथे यायच्या आधी त्या शाळेत तेच शिकवायच्या.

मिस व्हर्ना : त्याला जमाना झाला, लेमार.

अर्लीन : होऊ दे. पुस्तक काढ, लेमार. टोपी मी तिच्या खोक्यात घालून ठेवते. मे महिन्यात घालेन, नाहीतर देऊन टाकेन मावशीला.

लेमार : मम्मा, मला खरंच जमलं नाही तर?

अर्लीन : तर रडू दोघं. पण तू इथे होतास ना रे, चार वर्षं? काढ पुस्तक.

मिस व्हर्ना : …कुठल्या धड्यापासून अडतं तुझं?

लेमार : पाचव्या. तिथून पुढे सगळंच.

मिस व्हर्ना : बस इकडे, खुर्ची ओढून. आणि ते दार लावून घे आधी, कोचची खोली समोरच आहे.

अर्लीन : राहू दे उघडं.