पाय हलले म्हणून पेढे

हॅलो?

हॅलो… हो, लडकू भोईरांचाच नंबर. कोण बोलतंय?

… भाविका. चौक गावाहून. बरं. … नाही, मी त्यांची मुलगी, सुप्रिया. शेलूला असते.

… त्यांना नाही गं देता येणार फोन. … शेतावर नाही गेलेले. भाविका, बाबा वारले. चार महिने झाले.

… अगं नको, नको, ठेवू नकोस. तुला कुठून माहीत असणार? … लोक करतात अजून फोन. म्हणून तर हा नंबर मी बंद नाही केला. तुला कुणी दिला? … व्यायाम शिकवायला येतात त्या छायाताईंनी. मग बरोबर ठिकाणी लागलाय. कुणाला दुखापत झालीय?

… नवऱ्याला. जितेश. कधी? … सात महिने. कसे पडले? … गॅरेजच्या पत्र्यावरून. मणक्याला मार कुठे? … मानेच्या जरा खाली. हं. आणि आज काय झालं?

… पाय हलले?

… ऐकतेय. … दोन्ही. सकाळपासून, आपोआप उडताहेत. … सासूबाईंनी पेढे आणले. … अख्खी आळी बघायला आलीय. … हो, ऐकू येतोय मला गलका.

भाविका, जरा पडवीत ये बरं. … आलीस? आता विचारते तेवढंच सांग. अंगात ताप आहे त्यांच्या?

… कणकण. कालपासून. लघवीला नळी आहे ना, पिशवी लावलेली? … रंग कसा आहे? … गढूळ. तांदळाच्या धुवणासारखा? … आणि वास? … येतोय. नेहमीपेक्षा जास्त.

… थांब, ऐक. "उन्हाळी नाही लागली, जळजळत नाही" असं म्हणू नकोस. जळजळ त्यांना कळणार कशी? छातीखालचं काहीच कळत नाही ना. आपल्याला उन्हाळी लागली की आपण ओरडतो. त्यांचे पाय ओरडतात.

… हो. तेच सांगतेय गं. पाय बरे होऊन हलत नाहीयेत. … थोडेफार उडतात कधीही, त्याचं काही नाही. पण एकदम वाढले, वर ताप, वर वास, म्हणजे लघवीत जंतू झालेत.

… भाविका?

… रड. मी आहे इथे.

… मला कसं कळतं? अगं, बाबांचाही मणकाच गेला होता. आम्हीही वाटलेत पेढे. पहिल्याच वर्षी. आईने गावभर वाटले, दोन किलो. तिसऱ्या दिवशी बाबा बेशुद्ध. जंतू रक्तात गेले होते. सोळा दिवस आयसीयूत होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले माहितीये? "पेढं कोनी कोनी खाल्लं? परत मागून आना."

… हां, हस जरा. आता आत जा आणि त्यांच्या कपाळाला हात लाव. … घाम. डोकं दुखतंय का विचार. … ठणकतंय? चेहरा लाल झालाय? … मग हे आधी. आडवे आहेत की बसलेत? … सगळ्यांना पाय दिसावेत म्हणून आडवे. बसव त्यांना. पाठीला उशा लाव, बटणं सोड. पिशवी कुठे आहे?

… मांडीवर?

… चादरीखाली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. … अगं, कळते मला लाज. पण पिशवी वर राहिली की घाण पाणी उलटं आत जातं. खाली अडकव, कमरेच्या खाली. जमिनीला टेकू देऊ नकोस. आता नळी बघ, कुठे दुमडलीय का. … मांडीखाली दबलीय ना? सोडव. हळू.

… येतंय? … येऊ दे, येऊ दे. … डोकं? … कमी होतंय म्हणतात? शाब्बास. तू केलंस ना हे आत्ता. तुंबलं होतं म्हणून डोकं ठणकत होतं, रक्तदाब चढला होता. यात डोक्याची नस फुटते कधी कधी. पण संपलं नाही हं अजून. ताप आहे, आत्ता निघायचं.

… पाणी किती देतेस दिवसाला? … दोन पेले! का गं? … पिशवी सारखी भरते, सगळ्यांसमोर ओतायला लागते.

ऐक, गंमत सांगते. बाबा दिवसातून पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायचे. वेळ झाली की भर मांडवात, नवरदेवाच्या मामाशी बोलता बोलता, मोठ्याने म्हणायचे, "थांबा रं, माझी पाळी आली."

… हो ना! बायका पदरात तोंड लपवायच्या. मी तर कॉलेजात होते तेव्हा, जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. ते म्हणायचे, "पाटाच्या पान्याची पाळी चुकली का बांध फुटतो. लाजून भात पिकतंय काय?" शेवटची चार वर्षं एकदाही यासाठी भरती झाले नाहीत. एकदाही नाही. हॉस्पिटलात दुसऱ्यांना शिकवायला जायचे, तर आधी सिस्टरना हात धुवायला लावायचे.

… गोळ्या? कसल्या? … मागच्या वेळच्या उरलेल्या. उरल्या कशा पण? … तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केल्या. नाही, त्या आता देऊ नकोस. सोबत ने, डॉक्टरांना दाखव. ऑपरेशन जिथे झालं तिथेच जा. … पनवेल. बरं. तिथे सांगायचं, मणक्याचा पेशंट आहे, नळी आहे, ताप आहे, डोकं ठणकलं होतं. नळी बदला आणि नव्या नळीतून युरीन कल्चरला द्या. औषध सुरू करायच्या आधी. जंतू कोणता ते कळलं की औषध नेमकं मिळतं, नाहीतर दर महिन्याला हेच. … हो, लिहून घे. कल्चर. आधी.

… कोण नाही म्हणतंय?

… सासूबाई. आज आधी देवीला जायचं, नवस फेडायचा. … तू नको भांडूस. त्यांना दे फोन. … अगं दे तर. नाव काय त्यांचं? … जनी. बरं.

… जनीकाकी? मी सुप्रिया. लडकू भोईरांची. … हो, तेच, चाकाच्या खुर्चीवाले. … हो काकी, चार महिने झाले.

… काकी, नवस खोटा नाही म्हणत मी. … नाही, पोरीने काही शिकवलं नाही मला. माझ्या आईचे हात असेच जोडलेले होते, पाय हलले त्या दिवशी. तीन दिवस गेले त्यात. … आई आहे ना, बरी आहे. पण अजून पेढा तोंडात घालत नाही. … हो.

… देवी कुठे जातेय? पोरगा बरा होऊन आला की त्यालाच घेऊन जा. … गाडी कुणाकडे आहे? … शेजारच्या गजाकडे. तुम्हीच सांगा त्याला काढायला, तुमचं ऐकेल तो. … काकी? आणि पाहुण्यांना काढा बाहेर.

… हां, भाविका. … गजा इको गाडी काढतोय? पुढच्या सीटवर बसव, टेकवून. पिशवी खाली. बस, मी आहे फोनवर.

… निघालात? … ताप बघितलास? … एकशे दोन. घाबरू नकोस, वेळेत निघाली आहेस.

… कोण? … दे ना. … जितेशदादा, बोला.

… नाही, उगीच नाही. … ओझं? आमच्या घरात तो शब्द बाबांनी बोलू दिला नाही कुणाला. … नाही हो, चालले नाहीत ते कधी. अकरा वर्षं. खोटं नाही सांगत तुम्हाला. पण बांधावर खुर्ची लावून लावणी करून घेतली, माझं एम.ए. केलं, माझं लग्न जमवताना मुलाची उलटतपासणी घेतली.

… विचारा ना. विचारा.

… नाही. याने नाही गेले. हृदय बंद पडलं. सकाळी वालाच्या शेतात, शेंगा खुडणाऱ्यांवर ओरडत होते.

… खरंच सांगते. त्याच आठवड्यात कल्चरला दिलं होतं, नेहमीचं. रिपोर्ट मी नंतर आणायला गेले, बाबांचे दिवस झाल्यावर. लॅबच्या जिन्यात उघडला. … एकही जंतू नाही. … हो. अकरा वर्षांनी, एकही नाही. मी तिथेच बसले पायरीवर. येणारे-जाणारे विचारत होते, काय वाईट आलंय का. मी म्हटलं, नाही, खूप चांगलं आलंय.

… वेगळं काही औषध नव्हतं हो. रोज करायचे, इतकंच. कंटाळा आला तरी करायचे. … हॅलो? … तुटतंय तुमचं… काय म्हणालात? … "मीपण करीन"?

… जितेशदादा? … हॅलो?